भाकीत, भविष्यवाणी की नुसतं ताडलं?

प्रश्न असा होता की सिम्पसन्स या अमेरिकन विनोदी कार्टून मालिकेबद्दल म्हणतात ते "सिम्पसन्सची भविष्यवाणी" हे मराठीत बरोबर आहे का, की भाकीत म्हणावं, आणि विनोदी मालिकेत गंमत म्हणून दाखवलेली वस्तू पुढे खरंच बाजारात आली तर त्याला आपल्याकडे नेमका शब्द काय.

भविष्यवाणी चूक नाही पण मला तो हिंदी चॅनेलच्या वळणाचा वाटतो, शिवाय वाणी म्हटलं की कंसाला ऐकू आली तसलं काहीतरी डोळ्यासमोर येतं. भाकीत आपलं आहे. भविष्य भाकणे, करुणा भाकणे यातलंच ते भाकणे, आणि कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबा पाऊसपाण्याची सांगतात ती भाकणूक. पण यात सांगणारा छातीठोकपणे सांगतो ना की असं होणार म्हणून, विनोदी लेखक कुठे काय सांगत असतो, तो टवाळी करत असतो. म्हणून इथे भाकीतही बसत नाही.

निव्वळ योगायोग असेल तर "बोलाफुलाला गाठ" आहेच की! मूळ देवळातल्या कौलाचं सांगतात, इकडे बोलायला आणि तिकडे मूर्तीवरचं फूल पडायला एकच वेळ. सिम्पसन्सचे साडेसातशेच्या वर भाग झालेत, इतकं बोलल्यावर एखादं फूल पडणारच. आणि त्यांचं ते फोनवालं घड्याळ (1995 चा भाग, गोष्ट 2010 मधली, लिसाचा नवरदेव मनगटावरच्या घड्याळात बोलतो) ते तर योगायोगसुद्धा नाही, डिक ट्रेसी या चित्रकथेतल्या डिटेक्टिव्हच्या मनगटावर बोलायचा रेडिओ 1946 पासून होता. उचललेली गंमत आहे ती सरळ.

पण काही ठिकाणी योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. सॅटर्डे नाइट लाइव्ह या अमेरिकन विनोदी टीव्ही कार्यक्रमाचा पहिलाच भाग, ऑक्टोबर 1975. त्यात तीन पात्यांच्या रेझरची खोटी जाहिरात होती. तेव्हा दोन पात्यांचा रेझर येऊन चारेक वर्षं झालेली, त्याच्या जाहिरातीची ही नक्कल, आणि शेवटी घोषवाक्य काय तर तुम्ही कशावरही विश्वास ठेवता म्हणून. म्हणजे तीन पाती हाच जोक होता. 1998 ला जिलेटने मॅक थ्री आणला, तीन पाती, अगदी गंभीर चेहऱ्याने, आणि 2006 ला पाच पात्यांचा फ्यूजन, लोकांनी तोही घेतला. आता याला भाकीत कसं म्हणणार, त्या लोकांनी कंपन्यांची आणि गिऱ्हाइकाची नाडी बरोबर पकडली होती इतकंच. याला मराठीत फक्कड क्रियापद आहे, ताडणे. त्यांनी ताडलं.

जेटसन्स या भविष्यातल्या कुटुंबाच्या कार्टून मालिकेचंही (1962) तेच. व्हिडिओ कॉल दाखवला म्हणून त्यांचं कौतुक होतं ते मला पटत नाही, 1927 मध्येच बेल या टेलिफोन कंपनीने वॉशिंग्टनहून बोलणाऱ्या माणसाचं चित्र तारेवरून न्यूयॉर्कला पोचवून दाखवलं होतं. खरी कमाल वेगळीच आहे. सकाळी मैत्रिणीचा कॉल येतो आणि त्या घरातल्या जेन बाई अवतारात असतात, मग त्या स्वतःच्याच नटलेल्या चेहऱ्याचा मुखवटा चढवून स्क्रीनसमोर जातात, आणि समोरची मैत्रीण शिंकते तर तिचाही मुखवटा गळून पडतो!! कॅमेरा ऑन करा म्हटल्यावर आधी फिल्टर शोधणारे आपण, आपल्याला त्यांनी साठ वर्षं आधी ताडलं. यंत्र दाखवणं त्यापुढे सोपं काम.

तेव्हा हेडिंग द्यायचं असेल तर "जेटसन्सने ताडलं होतं" द्या, क्लिक कमी पडतील ते वेगळं. आणि भाकीतच लिहायचं असेल तर त्यातली "की" दीर्घ, पण भाकिताचा, भाकिताला लिहिताना ऱ्हस्व, थंबनेलवर हे हमखास उलटं असतं.