क्लोमिफेनची एक गोळी उशिरा घेतली तर तो महिना वाया जातो का?

तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी अंडं वाढवायची गोळी, क्लोमिफेन ५०, दिलीय, पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस. तिसरी गोळी रात्री राहिली, ती सकाळी उठल्या उठल्या घेतलीत, आणि आता घरातले म्हणताहेत की तुझ्यामुळे महिना गेला. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

नाही, महिना वाया जात नाही. क्लोमिफेन अंगातून फार सावकाश बाहेर पडतं, निम्मं जायलाच साधारण पाच दिवस लागतात. काही तासांच्या उशिरानं त्याचं काम अडत नाही. राहिलेली गोळी भरून काढायची म्हणून दोन एकदम मात्र कधी घेऊ नका, आणि झालं ते डॉक्टरांच्या कानावर घाला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

आता मला विचारायचंय ते असं, की तुमच्या नवऱ्याची वीर्य तपासणी झाली आहे का? तुमच्या प्रश्नात तिचा कुठे उल्लेखच नाही.

आठ वर्षांपूर्वी मी याच गोळ्या घेत होते. पीसीओडी होता, म्हणजे अंडं वेळेवर तयार व्हायचं नाही (यालाच पीसीओएसही म्हणतात), पाळी कधी ४० दिवसांनी यायची, कधी ६०. गोळ्यांची गरज होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पहिल्या महिन्यापासून त्या लागूही पडल्या. फॉलिक्युलर स्टडीची, म्हणजे अंडं किती वाढलं ते सोनोग्राफीत मोजण्याची, एक पिवळी चिठ्ठी असायची, तिच्यावर चार रकाने: दिवस, उजवी बीजांडकोश, डावी, गर्भाशयाचं अस्तर. सोनोग्राफीच्या पडद्यावर एक काळा गोल दिसायचा, त्याच्या दोन कडांना दोन फुल्या, मधे ठिपक्यांची रेघ. डॉक्टर आकडा सांगायच्या, सिस्टर चिठ्ठीवर लिहायच्या. नवव्या दिवशी ११ मिलिमीटर, अकराव्याला १४, तेराव्याला १८. मग अंडं फुटायचं इंजेक्शन, मग 'फुटलं'. दर महिन्याला फुटत होतं आणि दर महिन्याला पाळी येत होती.

तिसऱ्या महिन्यात तुमच्यासारखंच झालं. रात्री दहाची गोळी राहिली, सकाळी साडेसहाला घेतली. हे मी नवऱ्याला सांगितलं, त्यानं सहज बोलता बोलता त्याच्या बहिणीला. त्या महिन्यातही पाळी आली आणि नणंदबाई माझ्या तोंडावर म्हणाल्या, "गोळ्याच वेळेवर घ्यायच्या नाहीत, मग मूल कसं राहणार?" नवरा तिथंच बसला होता. तो काही बोलला नाही. पुढचे दोन महिने मी रात्री दहाचा गजर लावून, गोळी हातावर घेऊन, दहा वाजायची वाट बघत बसायचे.

पाचव्या महिन्यात आमच्या डॉक्टर रजेवर होत्या. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी फाईल पुढून मागे चाळली, मग मागून पुढे, आणि विचारलं, "मिस्टरांचा रिपोर्ट कुठंय?" रिपोर्ट नव्हताच. पहिल्या भेटीत विषय निघाला होता, तेव्हा नवरा म्हणाला होता, "मला काय झालंय?", आणि नणंदबाईंचं म्हणणं होतं की दोष बाईत दिसत असताना पुरुषाला कप घेऊन पाठवणं म्हणजे त्याचा अपमान. मी सोडून दिलं. माझ्या हातावर सुया, माझी रोज आतून सोनोग्राफी, त्यात कुणाला अपमान दिसला नव्हता.

रिपोर्ट आला. एका मिलिलिटरला ६० लाख शुक्राणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाखांची आहे. नणंदबाई म्हणाल्या, लॅब बदलून बघा. दुसरी तपासणी करायचीच असते, कारण शुक्राणूंचा आकडा नमुन्यागणिक बदलतो, पण दुसऱ्या लॅबमध्येही ७० लाखच निघाले. कारण व्हेरिकोसील होतं, अंडकोषाजवळच्या शिरा फुगलेल्या. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे ऑपरेशननंतरही थांबावं लागलं. हे सगळं त्या पाच महिन्यांत शेजारी शेजारी होऊ शकलं असतं.

आणखी एक. तो चौथा रकाना, अस्तराचा, कुणी वाचलाच नव्हता. पहिल्या महिन्यात ७.८ मिलिमीटर, पाचव्यात ५.६. क्लोमिफेन मेंदूतला इस्ट्रोजेनचा दरवाजा अडवतं, मेंदूला वाटतं इस्ट्रोजेन कमी पडलंय, तो एफएसएच हे अंडं वाढवणारं संप्रेरक जास्त सोडतो आणि अंडं वाढतं. पण तोच दरवाजा गर्भाशयातही अडतो आणि काहीजणींचं अस्तर पातळ राहतं. माझं राहिलं. नव्या बाईंनी क्लोमिफेनऐवजी लेट्रोझोल ही अंडं वाढवायची दुसरी गोळी सुरू केली. पीसीओएस असलेल्या ७५० जणींवरचा अभ्यास २०१४ मध्ये आला, त्यात लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के बायकांना बाळ झालं, क्लोमिफेनवर १९.१ टक्के. पीसीओएस असेल तर 'मला लेट्रोझोल का नको?' हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. विचारण्यात काही गैर नाही.

माझं मत सरळ आहे: नवऱ्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय बाईनं पहिली गोळीही घेऊ नये. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, नमुना द्यायचा, संपलं. गोळी, इंजेक्शन, सोनोग्राफी यांच्या तुलनेत ही तपासणी काहीच नाही. 'त्याला वाईट वाटेल' म्हणून थांबू नका. मी थांबले होते. नळ्या मोकळ्या आहेत का, थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन ठीक आहे का, हेही आधीच बघतात, पण ते बायका करून घेतातच.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. गोळ्यांवर असताना नजर धूसर झाली किंवा डोळ्यांपुढे काही चमकायला लागलं तर पुढची गोळी न घेता फोन करा. पोट फुगून ताठ झालं, एक-दोन दिवसांत वजन वाढलं, लघवी कमी झाली, धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. जुळी होण्याची शक्यता क्लोमिफेनवर साधारण ७-८ टक्के असते, म्हणून सोनोग्राफी चुकवू नका. आणि अंडं दर महिन्याला फुटतंय तरी दिवस राहत नाहीत, असे तीन-चार महिने गेले तर तीच गोळी पुढे ओढत बसू नका.

आमची मुलगी आता पाच वर्षांची आहे. आययूआयच्या, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याच्या, दुसऱ्या खेपेला राहिली. नवऱ्यानं नंतर माझी माफी मागितली, मनापासून. नणंदबाई त्या वाक्याबद्दल आजवर एक शब्द बोललेल्या नाहीत.

तिसऱ्या महिन्याची पिवळी चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे. गोळी साडेआठ तास उशिरा घेतली तो महिना. चौदाव्या दिवशी उजवीकडे २०, सोळाव्या दिवशी सिस्टरच्या अक्षरात 'फुटलं'.