बाळाच्या हाताचा ठसा, जुने कापड किंवा छायाचित्र जपणारी ख्रिसमसची सजावट घरी कशी करावी?

हाताच्या ठशासाठी मिठाची कणीक सर्वांत सोपी. 2 वाट्या मैदा, 1 वाटी बारीक मीठ आणि साधारण 1 वाटी पाणी घट्ट मळून सुमारे 6 मिलिमीटर जाडीची चकती लाटावी, ठसा उमटवावा आणि दोरीसाठीचे भोक आताच पाडावे, कारण वाळलेली चकती भोक पाडताना तडकू शकते. ओव्हनमध्ये 100 ते 120 अंश सेल्सिअसवर दोन-तीन तास, मधूनमधून उलटत, ती पूर्ण कोरडी होऊ द्यावी. घाईने तापमान वाढवल्यास फुगवटे येऊन ठसा बिघडतो. मीठ हवेतील ओलावा शोषून घेत असल्याने पूर्ण थंड झाल्यावर दोन्ही बाजूंना आणि भोकाच्या आतही वॉर्निश लावणे मी अनिवार्य मानतो. वॉर्निश लावण्यात हलगर्जीपणा झाला तर चकत्या मऊ पडू शकतात.

बाळाच्या झबल्याचा तुकडा पारदर्शक गोळ्यात घालता येतो. छायाचित्राची किंवा हस्ताक्षरातील चिठ्ठीची मात्र प्रतच वापरावी, कारण प्रकाश आणि गोंद यांमुळे मूळ वस्तूचे झालेले नुकसान भरून निघत नाही. मागे नाव आणि वर्ष लिहावे. वर्षभर ही सजावट मऊ कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी.