निकालाचा फ्लेक्स वाचू नका, नववीचा पट विचारा

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही पर्वती पायथ्याला राहतो. मी चार घरच्या पोळ्या करते, आमचे हे रिक्षा चालवतात. मुलगी महापालिकेच्या शाळेत आठवीत आहे. ती शाळा आठवीपर्यंतच असल्यामुळे जूनपासून तिला कुठे घालायचं, याची काळजी आहे. जवळच महापालिकेची माध्यमिक शाळा आहे. फाटकावर १०० टक्के निकालाचा फ्लेक्स आहे. पण गल्लीत दोन तट पडलेत. काही म्हणतात, तिथे शिकवत नाहीत, पोरं दिवसभर बाहेर उभी असतात. तर एक बाई सांगतात, त्यांची मुलगी तिथूनच ८४ टक्के मिळवून गेली. मी जिथे कामाला जाते तिथल्या काकू म्हणतात, कर्ज काढ पण खासगी इंग्लिश शाळेत घाल. कोणाचं ऐकू?
– एक आई, पर्वती पायथा, पुणे

(याच पाकिटात वहीच्या पानावर आणखी एक पत्र होतं.) बाई, मी तीच मुलगी. मला त्याच शाळेत जायचंय. माझ्या वरच्या वर्गातल्या मैत्रिणी तिथे आहेत. गणिताचे सर समजेपर्यंत शिकवतात, असं त्या सांगतात. पण विज्ञानाची प्रयोगशाळा कायम बंद असते आणि इंग्रजीचे शिक्षक या वर्षी दोनदा बदलले. मग शाळा चांगली म्हणायची की वाईट?

उत्तर : ताई, तुमच्या गल्लीतले दोन्ही तट खरंच बोलत असतील. एकाच वर्गातली एक मुलगी ८४ टक्के मिळवते आणि तिच्या मागच्या बाकावरचा मुलगा दहावीपर्यंत पोचतही नाही. आपल्या लेकराचं जे झालं, त्यावरून आईबाप शाळेबद्दल बोलतात. त्यात गैर काही नाही, पण तेवढ्यावर तुमच्या मुलीचं ठरवता येणार नाही. म्हणून शाळा कशी आहे असं विचारत बसू नका. तिथे काय काय घडलं, ते विचारा.

आधी त्या फ्लेक्सचं बोलते. १०० टक्के निकाल म्हणजे शाळेने दहावीला जितकी मुलं बसवली तितकी सगळी पास झाली. मुळात बसवली किती, हे फ्लेक्सवर नसतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा मुलाला आठवीपर्यंत धरून ठेवतो, शाळा त्याला काढून टाकू शकत नाही. नववीत हे संरक्षण संपतं आणि गळती तिथेच होते. कच्च्या मुलाला नववीत नापास करतात. नाहीतर पालकांना बोलावून सांगतात, "दाखला घेऊन जा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा." सतरा नंबर म्हणजे बाहेरून, खासगीरीत्या परीक्षा देणं. ज्यांची शाळा सुटली, जे कामाला लागले, त्यांच्यासाठी ती फार मोलाची सोय आहे. पण रोज शाळेत येणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला तिकडे ढकलायचं आणि मग १०० टक्के म्हणून मिरवायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

मी शिकवत असलेल्या एका शाळेत हे झालं. ती महापालिकेची नव्हती, अनुदानित होती, म्हणजे हा रोग एकाच प्रकारच्या शाळांना आहे असं समजू नका. नववीच्या शेवटच्या तीन बाकांवरची मुलं जूनमध्ये दहावीच्या वर्गात दिसली नाहीत. त्या वर्षीच्या निकालाचा फलक मात्र मोठा लागला. त्यातला एक मुलगा मला पुढे मंडईत पोती उतरवताना भेटला. त्याची भूमिती चांगली होती, बीजगणितात अडायचा. कोणी त्याच्याजवळ एक पावसाळाभर बसलं असतं तर तो पास झाला असता. त्या फलकाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून तुम्ही मुख्याध्यापकांना एवढंच विचारा : मागच्या वर्षी नववीच्या पटावर किती मुलं होती आणि या वर्षी दहावीचे फॉर्म किती जणांनी भरले? समजा, ६० होती आणि ५७ जणांनी फॉर्म भरले, तर काळजी नको. गावी जाणं, बदली हे चालायचंच. पण ६० ची ४१ झाली असतील तर बाकीची १९ कुठे गेली, हेही विचारा. सगळ्या मुलांना बसवून ९० टक्के निकाल लावणारी शाळा मी डोळे झाकून निवडीन. आणि हे विचारल्यावर समोरचा माणूस कपाटातून रजिस्टर काढतो की "आमची शाळा चांगलीच आहे, ताई" म्हणून उठतो, तेही बघा. मला तर तेवढ्यावरूनच बरंच कळतं.

मुलीला मोबाइल वापरता येत असेल तर आकडे घरीही बघता येतील. प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक असतो. सरकारच्या यूडायस प्लस संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' या ठिकाणी शाळेचं प्रगतिपुस्तक असतं. कोणत्या इयत्तेत किती मुलं, शिक्षक किती, प्रयोगशाळा आहे का, सगळं दिसतं. शाळेने स्वतः भरलेली माहिती असते ती. तेव्हा प्रयोगशाळेपुढे 'आहे' दिसलं तरी ती उघडते का, हे कागदावर कळणार नाही. ते कळायला तुमच्या मुलीच्या मैत्रिणी आहेत.

त्या मैत्रिणींचं म्हणणं मी फार मोलाचं मानते. मोठी माणसं गणवेश, फाटक, शिस्त बघतात. ऑफ तास किती होतात, कोणते सर फळ्यावर करून दाखवतात आणि कोणते गाइडमधली उत्तरं उतरवून घ्यायला लावतात, हे मुलांनाच ठाऊक असतं. एखाद्या मैत्रिणीच्या गणिताच्या आणि इंग्रजीच्या वह्या संध्याकाळी घरी मागवा. तुम्हाला विषय येत नसला तरी चालेल. चुकलेल्या उदाहरणाशेजारी लाल शाईने पायरी दुरुस्त केली आहे का, की प्रत्येक पानावर नुसती सही आणि तारीख आहे, एवढं बघा. निबंध मुलीने स्वतःचा लिहिलाय की सगळ्यांच्या वहीत एकच आहे? दोन वह्या शेजारी ठेवल्या की दिसतं.

इंग्रजीच्या शिक्षकांचं मात्र गंभीर आहे. कायम पदं रिकामी राहतात, मग मानधनावर किंवा तासिका तत्त्वावर शिक्षक घेतात. त्यांना दुसरीकडे बरी नोकरी मिळाली की ते जातात. त्यांना मी दोष देणार नाही, त्यांचंही घर चालायचं असतं. पण मुलांचा धडा मधेच तुटतो. तेव्हा गणित, विज्ञान आणि इंग्रजी या तीन विषयांना पुढच्या वर्षी कायम शिक्षक आहेत का, हा तुमचा दुसरा प्रश्न. सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी विषय मराठीतून, आहे का, तेही विचारा. मुलगी आत्ता मराठीतून गणित-विज्ञान शिकत असेल आणि तिथे सेमीचीच तुकडी असेल, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत थोडी तयारी लागेल.

आता काकूंचा सल्ला. त्या मायेने सांगत असतील, पण मी तो मानणार नाही. आठवीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीला नववीत एकदम सगळे विषय इंग्रजीतून करायला लावणं म्हणजे दहावीच्या तोंडावर तिचे पाय बांधणं. शिवाय फी. आरटीईच्या, म्हणजे त्याच शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखून ठेवलेल्या २५ टक्के जागांवरची मुलंही आठवीपर्यंतच मोफत शिकतात, नववीपासून त्यांच्या घरच्यांना फी भरावी लागते. तुम्हाला तर पहिल्या दिवसापासून भरावी लागेल. महापालिकेच्या शाळेत फी नाही, पीएमपी बसचा पास मिळतो. दहावीला चांगले गुण मिळाले तर महापालिका जे अर्थसहाय्य देते, त्यात महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना गुणांची अटही शिथिल आहे. एक गोष्ट मात्र बदलेल. पोषण आहाराची योजना आठवीपर्यंतच आहे, तेव्हा नववीपासून डबा द्यायची तयारी ठेवा.

आणि हे तर आजच विचारा : मुलीचा एनएमएमएसचा फॉर्म शाळेने भरला का? ही शिष्यवृत्ती परीक्षा आठवीतच देता येते, पुन्हा संधी नाही. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावं आणि सातवीला ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण त्यासाठी मुलगी सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतच शिकत असली पाहिजे. विनाअनुदानित खासगी शाळेत गेली की ते पैसे गेले. काकूंना हे माहीत नसणार.

थोडक्यात, नववी-दहावीच्या पटात मोठा खड्डा नसेल आणि गणिताचे ते सर राहणार असतील, तर मुलीला तिच्या मनाप्रमाणे तिथेच घाला. इंग्रजीची उणीव आपण भरून काढू. बालभारतीची सगळी पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट घेता येतात. नववीच्या इंग्रजीचा एकेक धडा तिने सुट्टीत मोठ्याने वाचावा, तुम्ही पोळ्या लाटताना ऐका.

आता तुझ्याशी बोलते, बाळा. शाळा चांगली की वाईट, असं तू विचारलंस. चांगले सर आणि बंद प्रयोगशाळा एकाच शाळेत असू शकतात. सरांकडून भरपूर शिकून घे आणि प्रयोगशाळा उघडून घ्यायच्या मागे लाग. दहावीच्या विज्ञानात ४०-४० गुणांचे दोन पेपर आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. ते २० गुण शाळाच देते. कुलूप न उघडताही पैकीच्या पैकी पडतात, आणि मुलांना परीक्षानळी हातात कशी धरायची हे माहीत नसतं. अकरावी सायन्सला गेलेल्या माझ्या कितीतरी विद्यार्थिनी पहिल्याच प्रॅक्टिकलला घाबरल्या, त्या याच कारणाने.

जूनमध्ये प्रवेश झाला की चार-पाच मैत्रिणी मिळून मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा. तक्रारीची भाषा नको. विज्ञानाच्या पुस्तकात जे प्रयोग दिलेत त्यांची यादी करा आणि आठवड्यातला एक तास प्रयोगशाळेत घ्यावा, अशी विनंती करा. अर्जाच्या दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पालक सभेत तुझी आई ती प्रत दाखवून पुढे काय झालं ते विचारेल. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मला पुन्हा लिही. शिक्षण विभागाकडे जायच्या अर्जाचा मसुदा मी करून पाठवीन.