बाप शिकला त्या कॉलेजात लेकाला जागा? वाचकांच्या पत्रांना उत्तरे

अमेरिकेतील काही खाजगी विद्यापीठे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकते माप देतात आणि तो सरळ अन्याय आहे, असे मागच्या अंकात आम्ही लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन प्रश्न येथे घेतले आहेत.

अमळनेरहून एक पालक: माझ्या मुलीचे मामा अमेरिकेत एम.एस. झाले. त्याच विद्यापीठात पदवीसाठी अर्ज करताना त्यांचे नाव लावले तर फायदा होईल का? आणि तुम्ही अन्याय म्हणता, पण सुशिक्षित घरातली मुले मुळात हुशारच असतात ना?

उत्तर: मामांच्या नावाचा उपयोग होणार नाही. या सवलतीत वारसा म्हणजे मुख्यतः तिथे शिकलेले आई किंवा वडील; काही ठिकाणी आजी-आजोबा किंवा भावंडेही धरतात. मामा, काका, आतेभाऊ सहसा त्यात येत नाहीत. अमेरिकेतील एमआयटीसारखी संस्था तर आईवडिलांचेही बघत नाही, ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्येही ही सवलत नाही. कॅलिफोर्नियाने 1 सप्टेंबर 2025 पासून खाजगी विद्यापीठांनाही कायद्याने मनाई केली आहे.

हुशारीचे म्हणाल, तर आकडे वेगळे बोलतात. हार्वर्डवरील खटल्यात 2018 साली पुढे आलेल्या माहितीनुसार माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे 33 टक्क्यांना प्रवेश मिळत होता, बाकीच्यांपैकी सुमारे 6 टक्क्यांना. हा फरक नुसत्या हुशारीचा असेल अशी शंका रास्त आहे. म्हणून 2023 साली राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी चाचणीत सारखेच गुण असलेली मुले शेजारी ठेवून तपासली. तरीही नामांकित विद्यापीठांत सर्वांत श्रीमंत 1 टक्का घरांतील मुले शिकायला जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त निघाली. या तफावतीचा मोठा भाग प्रवेश देण्यातल्या फरकाचा होता, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा वारशाचा.

मुलीने काय करावे ते सांगतो. अनेक विद्यापीठांसाठी एकच असलेल्या कॉमन ॲप अर्जात आईवडिलांचे शिक्षण विचारतात. तुम्ही दोघे पदवीधर नसाल तर ते लपवू नका. घरातून पहिल्यांदाच कॉलेजला जाणारे मूल ही तिथे जमेची बाजू धरली जाते. उपक्रमांसाठी दहा रकाने असतात. तिथे ऑलिंपियाड नसेल तर रिकामे सोडून देतात, ही आपल्याकडची नेहमीची चूक. केळीच्या बागेतले काम, ठिबकचे वेळापत्रक सांभाळणे, धाकट्या भावाचा अभ्यास घेणे हेही उपक्रमच. प्रत्येकापुढे आठवड्याला किती तास आणि वर्षातले किती आठवडे हे लिहायचे असते. ते खरे लिहा. वर्णनाला जेमतेम 150 अक्षरे मिळतात, तेव्हा विशेषणे टाकू नका, काम सांगा.

भुसावळहून एक वाचक: आपल्याकडे देणगी देऊन जागा मिळतेच. मग अमेरिकेला नावे का ठेवायची?

उत्तर: दोन्ही वाईटच. पण कायदेशीर काय ते माहीत असू द्या. विनाअनुदानित खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांत 20 टक्के जागा संस्थास्तरावर भरतात. त्यासाठीही जाहिरात, अर्ज आणि गुणवत्ता यादी लागते. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेल्या शुल्कापलीकडे पैसे मागितले तर तो 1987 च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आणखी एक फटका बऱ्याच पालकांना प्रवेशानंतरच कळतो: राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीसाठी प्रवेश कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतूनच झालेला असावा लागतो. जागा संस्थेकडून घेतली की ती सवलत गेली.

शहाद्याहून एक पालक: मी ज्या शाळेत शिकलो तिथल्याच अकरावीत मुलाला इनहाउस कोटा मिळेल का? वडिलांच्या शिक्षणाचा आपल्याकडे कुठेच उपयोग नाही का?

उत्तर: इनहाउसच्या 10 टक्के जागा त्याच संस्थेतून स्वतः दहावी झालेल्या मुलांच्या, पालक तिथे शिकला याला अर्थ नाही.

वडिलांचा उपयोग होतो तो जात पडताळणीत. त्यांचे वैधता प्रमाणपत्र असेल तर मुलाचे काम पुष्कळ हलके होते. नसेल तर ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना, जन्म-मृत्यूची नोंद. प्रकरण अडते ते बहुधा वंशावळीत. जुन्या दाखल्यावर आजोबांचे नाव एक, सातबाऱ्यावर दुसरे, आडनाव तिसरेच. शाळेच्या जनरल रजिस्टरचा प्रमाणित उतारा काढा, दोन्ही नावे एकाच माणसाची असल्याचे शपथपत्र जोडा आणि वंशावळीत प्रत्येक पिढीसाठी एक तरी कागद ठेवा. विज्ञान शाखेच्या मुलाचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत समितीकडे पाठवा. सीईटीच्या निकालानंतर धावपळ केली तर कॅपच्या मुदतीत प्रमाणपत्र हाती येणे कठीण, आणि ते नसले की जागा खुल्या प्रवर्गात ढकलली जाते.