हवामानाचा विचार करून प्रवास करायला लोक कशामुळे तयार होतात?

हवामानाला कमी झळ लागेल असं पर्यटन प्रवासी का स्वीकारतात, असं तुम्ही विचारलंय. मालवणजवळ आमचं छोटं न्याहारी-निवास आहे. पाहुण्यांकडे बघून जे कळलं ते सांगते.

कार्बनचा हिशोब मांडून घराबाहेर पडलेला पाहुणा मला अजून भेटलेला नाही. मुंबईची माणसं रेल्वेने येतात, कारण हायवेचा वैताग नको असतो, मुलांना घाटात गाडी लागते, शिवाय पावसाळ्यात रत्नागिरीच्या आसपास खिडकीतून जे दिसतं ते मोटारीतून दिसत नाही. २०२२ पासून कोकण रेल्वेचा सगळा मार्ग विजेवर चालतो. ती वीज बरीचशी कोळशाचीच, तरी माणशी धूर विमानापेक्षा पुष्कळ कमी. पाहुण्याला हे ठाऊक नसलं तरी फायदा व्हायचा तो होतोच. माथेरानला तर दस्तुरीच्या पुढे खाजगी मोटार जातच नाही, आणि त्या शांततेसाठीच लोक तिथे जातात.

घोडं अडतं ते कुडाळ स्टेशनात. तिथून मालवण तीसेक किलोमीटर. बरोबर सामान, लहान मूल, गुडघे दुखणारी आई. बुकिंगच्या फोनवर हमखास प्रश्न येतो, "स्टेशनवरून रिक्षा मिळेल ना?" आम्ही ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर आणि ठरलेलं भाडं आदल्या दिवशीच कळवायला लागलो, तशी दरवर्षी मोटार घेऊन येणारी काही कुटुंबंही रेल्वेने येऊ लागली. आपली गैरसोय होणार नाही ही खात्री मिळाली की माणूस बदलतो. "टॉवेल रोज धुवायला टाकू नका, पृथ्वी वाचवा" अशा पाट्यांनी फारसं काही होत नाही. हॉटेलवाला साबण वाचवतोय एवढंच लोकांना दिसतं.

आपुलकीनेही फरक पडतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळात या किनाऱ्यावरचे माड आणि आंब्याची झाडं पडली, घरांची कौलं उडाली. समुद्र तापला की वादळांना बळ मिळतं, हे पाहुण्यांनी बातम्यांत ऐकलेलं असतं. पण जेवण वाढता वाढता आई मागीलदारची मोकळी जागा दाखवून तिथे कुठला माड होता ते सांगते, तेव्हा ताटावरची माणसं हात थांबवून ऐकतात. त्यातलेच काही पुढे दोन धावत्या फेऱ्यांऐवजी एकदाच येऊन आठवडाभर राहतात. प्रवासाचा धूर निम्मा होतो आणि गावातल्या होडीवाल्याला, मासेवालीला चार पैसे जास्त मिळतात.

गणपतीत आणि मे महिन्यात मात्र रेल्वेचं आरक्षणच मिळत नाही. तेव्हा मोटार काढणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्या दिवसांत गाड्या वाढवा आणि कुडाळ, कणकवलीला रेल्वेच्या वेळा धरून एसटी सोडा, एवढीच माझी मागणी आहे.