जनावरांच्या दवाखान्यात इंटर्नशिप: कुठल्या दारानं शिरायचं आणि आत काय करायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: पशुसंवर्धन डिप्लोम्याचं दुसरं वर्ष चालू आहे, सुट्टीत दोन-तीन महिने हातानं काम शिकायचंय, दोन दवाखान्यांतून "बघू" म्हणून परत पाठवलं, आणि एकानं पंधरा दिवसांत 'व्हेटरनरी टेक्निशियन'चं सर्टिफिकेट देतो म्हणून पैसे मागितले. काय करावं?

आधी ते पैशाचं. देऊ नका. 'व्हेटरनरी टेक्निशियन' असा स्वतंत्र परवाना आपल्याकडे नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 च्या कलम 30 प्रमाणे उपचार करायचा हक्क नोंदणीकृत पशुवैद्यकाला. डिप्लोमा किंवा स्टॉकमनचं (पशुधन सहाय्यकाचं) प्रमाणपत्र असलेल्याला राज्य सरकार आदेशानं परवानगी देऊ शकतं, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली किरकोळ सेवांपुरती: लसीकरण, खच्चीकरण, जखमेचं ड्रेसिंग, प्रथमोपचार. कृत्रिम रेतनाचं काम करायचं असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय गोकुळ मिशनखालचं 'मैत्री' (गावपातळीवरच्या रेतन तंत्रज्ञाचं) प्रशिक्षण 90 दिवसांचं असतं, त्यातले साधारण 30 दिवस वर्गात आणि 60 दिवस गावात. पंधरा दिवसांत हे कुणी शिकवत नाही, कागद मात्र छापून देतात.

डॉक्टर "बघू" का म्हणतात तेही समजून घ्या. तुम्ही शिकायला येता, पण त्यांच्या डोळ्यांपुढे येते ती लाथ बसलेली पोरगी, तिचे घरचे आणि दुसऱ्या दिवशीची चौकशी. वर नवशिक्याला सांभाळायला सकाळी वेळही नसतो. म्हणून "मला शिकवा" म्हणून जाऊ नका. ज्या दिवसांत हात कमी पडतात, त्या दिवसांत हात घेऊन जा. सरकारी दवाखान्यात तो दिवस म्हणजे लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाची फेरी. घरोघरी फिरायचं, जनावर धरायचं, कानातला बिल्ला वाचायचा, मोबाईलवर नोंद करायची. दवाखान्याच्या एका पशुवैद्यकीय इन्स्पेक्टरला हे सगळं जमत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात पुढची फेरी कधी ते विचारा आणि पंधरा दिवस आधी अर्ज द्या. बाकी वर्षभर हलत नाही ते दार तेव्हा उघडतं.

अर्ज तालुका पशुवैद्यकीय रुग्णालयाच्या सहाय्यक संचालकांच्या नावे. जिल्ह्याला उपसंचालक असतात, पण थेट तिकडे गेलात तर कागद परत तालुक्यालाच येतो, तोही उशिरा. अर्ज एक पानाचा आणि कन्नडमध्ये. इथं भावनेचा प्रश्न करू नका. फाईल कन्नडमध्ये चालते, मराठी अर्जावर टिपण लिहायला क्लार्क कंटाळतो आणि तो तळाशी जातो. लिहायचं एवढंच: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आठवड्यातून किती दिवस, किती वाजता, कुठल्या कामात मदत करणार, आणि "डॉक्टरांच्या सूचनेशिवाय कुठलाही उपचार करणार नाही" हे वाक्य. हे एक वाक्य पानभर गुणगानापेक्षा जास्त काम करतं. सोबत कॉलेजचं पत्र, मार्क्स कार्ड, आधार, फोटो आणि रेबीज लसीचं कार्ड. दवाखान्याच्या आवक टपालात हातानं द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि नंबर घ्या. आठ दिवसांनी तो नंबर घेऊन जा, सकाळच्या ओपीडीच्या गर्दीत नको, दुपारी.

रेबीज लसीचं कार्ड अर्जात शोभेसाठी नाही. आधीच घ्यायची लस 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी असते, म्हणजे महिनाभर आधी सुरू करावी लागते. कुत्र्यापेक्षा इथं गायी-म्हशींचा धोका मोठा, कारण तो ओळखू येत नाही. म्हैस खात नाही, तोंडातून लाळ गळतेय, मालक म्हणतो घशात काहीतरी अडकलंय, आणि मदतनीस कोपरापर्यंत हात तोंडात घालतो. रेबीज झालेलं जनावर नेमकं असंच दिसू शकतं. डॉक्टर बघेपर्यंत तोंडात हात घालायचा नाही, मालकालाही घालू द्यायचा नाही. आधी लस घेतली असली तरी संपर्क आला तर जखम साबणानं 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवून दोन डोस परत घ्यावे लागतात, 0 आणि 3 व्या दिवशी. धनुर्वाताची सुईही आधीच घेऊन ठेवा.

सरकारी दवाखान्याशिवायची दारं. बेळगाव जिल्हा दूध संघ आणि सीमेपलीकडं कोल्हापूरचा गोकुळ, दोघांचीही पशुवैद्यकीय सेवा आहे. रेतन, वांझपणा, कासदाह याच्या केसेस तिथं भरपूर. गावच्या डेअरीच्या सेक्रेटरीची ओळख इथं कॉलेजच्या पत्राइतकी चालते. बाएफ या संस्थेची जनावरांची पैदास केंद्रं हा दुसरा पर्याय. शिस्त आणि नोंदी शिकायला चांगलाच. मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रांत प्रशिक्षणं होतात, पण ती केसेस बघायची जागा नव्हे. बेळगाव शहरातल्या कुत्र्या-मांजरांच्या क्लिनिकमध्ये सलाईन, ऑपरेशनची तयारी, ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) हे शिकाल आणि कदाचित थोडे पैसेही मिळतील, पण गाय समोर आली की तिथलं शिकणं अर्धंच उपयोगी. पुढं निपाणी-चिक्कोडीकडं दुधाच्या पट्ट्यात काम करायचं असेल तर आधी गोठ्यात जा. आणि नोकरी महाराष्ट्रात करायचा विचार असेल तर तुमचा कर्नाटकातला डिप्लोमा तिकडच्या भरती नियमात बसतो का, हे जाहिरात येण्याआधी वाचून ठेवा.

आता आत गेल्यावर. पहिला आठवडा फक्त तीन गोष्टी: धरणं, मोजणं, लिहिणं. मोरकी (जनावराच्या तोंडाला बांधायची दोरी) बांधता येत नसेल तर घरच्या म्हशीवर आधी सराव करा. खोड्यात घातलेलं जनावरही मागं लाथ मारतं, तेव्हा मागून नव्हे, खांद्याच्या बाजूनं जा. ताप मोजताना थर्मामीटर शेणाच्या गोळ्यात खुपसला की आकडा खोटा येतो. तो गुदद्वाराच्या भिंतीला टेकवून धरा. गायीचा नेहमीचा ताप साधारण 101.5 फॅरनहाइट. दुपारी उन्हात बांधलेल्या म्हशीचा जास्त येईल, ती सावलीत आणून थोड्या वेळानं परत मोजा.

बिल्ला वाचण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. 12 आकडे, वर शेण, आणि 6 चा 8 होतो. आधी ओल्या फडक्यानं पुसा, मग चार-चारचे तीन गट मोठ्यानं म्हणा, दुसऱ्यानं परत म्हणून दाखवायचे, मगच नोंद. चुकीचा आकडा गेला की 'भारत पशुधन' या सरकारी ऑनलाइन नोंदीत शेजारच्याच्या म्हशीला लस लागते आणि हिची राहते. लसीची पेटी 2 ते 8 अंशांत ठेवायची. बाटली थेट बर्फाला टेकवू नका, लाळ्या-खुरकुताची लस गोठली की वाया. ब्रुसेलाची (जनावरांत गर्भपात घडवणाऱ्या आजाराची) लस वेगळी. ती 4 ते 8 महिन्यांच्या मादी वासरांना देतात, लस जिवंत जंतूंची असते आणि सुई हाताला टोचली किंवा डोळ्यात उडाली तर माणसाला आजार होऊ शकतो. हातमोजे, चष्मा, आणि गरोदर बाईनं त्या दिवशी पेटीजवळच जायचं नाही. अडकलेली वार उघड्या हातानं न धरण्याचं कारणही हेच.

रेतन करणाऱ्याबरोबर गेलात तर गोठवलेल्या वीर्याची कांडी पातळ करायचं काम तुमच्याकडं मागून घ्या. दिसायला किरकोळ, पण गाय उलटण्याची (गाभण न राहता परत माजावर येण्याची) अर्धी कारणं इथं असतात. जारमधलं नायट्रोजन उणे 196 अंशांचं. कांड्यांची डबी जारच्या मानेच्या वर काढायची नाही. मानेतच धरून चिमट्यानं कांडी काही सेकंदात उचलायची, नाहीतर बाकीच्या कांड्या वितळून परत गोठतात आणि शुक्राणू मरतात. लगेच 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद. पाणी थर्मामीटरनं मोजा. बोट बुडवून "कोमट आहे" म्हणणाऱ्याकडून हे शिकू नका. बाहेर काढून कोरडी पुसा, पाण्याचा थेंब आत गेला तरी बीज खराब होतं. कात्री सरळ काटकोनात मारा. तिरकी कापली की कांडी शीथमध्ये (रेतनाच्या नळीवरच्या प्लास्टिकच्या आवरणात) नीट बसत नाही आणि डोस मागं गळतो. आणि जारची पातळी पट्टीनं मोजून तारखेसह लिहायची सवय लावा, नाहीतर नायट्रोजन संपून संपूर्ण साठा गेलेला कळतो तो गाई उलटायला लागल्यावर.

डॉक्टर गावात नसताना मालक म्हणेल, "ताई, एक इंजेक्शन मारा की, तुम्हाला येतंय." मारायचं नाही, 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन लावून द्यायचा. एक अँटिबायोटिक दिलं, औषध उतरलेलं दूध संध्याकाळी डेअरीत गेलं, तर दोष तुमच्या नावावर आणि डॉक्टरांच्याही. मेलेल्या जनावराचे फोटो स्टेटसला टाकणं हीसुद्धा बाहेर पडायची खात्रीशीर वाट.

वही रोज लिहा, घरी जाऊन नव्हे, तिथंच. एक ओळ अशी: तारीख, गाव, जात-वय, मालकाची तक्रार, ताप, डॉक्टरांनी काय केलं, मी काय केलं, सही. "मुऱ्हा, 6 वर्षं, व्याल्यावर 14 तास वार पडली नाही, ताप 103.2, डॉक्टरांनी तपासून औषध दिलं, मी धरलं आणि ताप मोजला." सही आठवड्याला घ्या; तीन महिन्यांची एकदम मागितली की डॉक्टरांनाही आठवत नाही आणि देतानाही हात आखडतो. शेवटचं पत्र मागताना "काम समाधानकारक" एवढ्यावर घेऊ नका. दिवस किती, तास किती, लसीकरणात किती जनावरं हाताळली, कुठली कामं देखरेखीखाली केली, हे आकडे वहीतून काढून मसुदा तुम्हीच करून द्या, एक कन्नड आणि एक इंग्रजी. आणि बदल्यांचा हंगाम लागायच्या आत घ्या. डॉक्टर दुसऱ्या तालुक्याला गेले की नवे साहेब न पाहिलेल्या कामावर सही करत नाहीत, त्यात त्यांची चूकही नसते.