ऑनलाईन सीपीआरचं सर्टिफिकेट चालेल का? पैसे भरण्याआधी हे वाचा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टला घरीच पाळणाघर सुरू करताय, पुण्यात आठ वर्षं बालवाडीत शिकवलंय, आणि एका वेबसाईटवरून लायसन्ससाठी लागणारं १६ तासांचं प्रशिक्षण घरबसल्या एका शनिवार-रविवारात पूर्ण केलंय. एका ऑफिसात फोन करून विचारलंत तर तिथल्या बाई म्हणाल्या, ‘हो हो, ऑनलाईन चालतं.’ आता मैत्रीण म्हणते चालणार नाही, आणि तुम्हाला कळत नाहीये कुणाचं खरं मानायचं.

मैत्रिणीचं माना. मी हेच २०१८ मध्ये केलं होतं. तोच फोन, जवळपास तेच उत्तर.

आधी एक सांगते. मी वकील नाही, लायसन्सिंगमध्ये, म्हणजे पाळणाघरांना परवाना देणाऱ्या राज्याच्या खात्यात, नोकरीलाही नाही. कॅलिफोर्नियात घरी पाळणाघर चालवते, त्यामुळे जे लिहिते ते इथल्यापुरतं. माझी मावसबहीण टेक्सासमध्ये डॅलसजवळ एका डेकेअर सेंटरमध्ये आहे. तिला दरवर्षी २४ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं, तिथला हिशोबच वेगळा. त्यामुळे इतर राज्यांतल्यांनी माझं वाचून निर्णय घेऊ नका. ओरिएंटेशन, फॉर्म, फी हे तुम्ही केलंच असणार, ते सोडून देते.

१६ तासांत खरं तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठ तास लहान मुलांचं सीपीआर (श्वास किंवा हृदय बंद पडलं तर छाती दाबून करायचा तातडीचा उपाय) आणि फर्स्ट एड, म्हणजे प्रथमोपचार. उरलेले आठ तास प्रतिबंधात्मक आरोग्याचे: संसर्ग, लसी, अपघात टाळणं, आपत्तीची तयारी, शिशाच्या विषबाधेपासून बचाव, आणि त्यातलाच एक तास पोषणाचा. पोषणाचा हा तास २०१६ पासून आला, म्हणून कुणाचं जुनं सात तासांचं सर्टिफिकेट बघून ‘मलाही एवढंच लागेल’ असं समजू नका. आरोग्याचा भाग एकदाच करायचा. सीपीआर-फर्स्ट एड मात्र दर दोन वर्षांनी नव्याने करायचं. माझी चूक झाली ती या दोन वर्षांनी.

२०१६ मध्ये लायसन्स घेताना मी वर्गात बसून सगळं नीट केलं होतं. २०१८ ला कार्डाची मुदत संपत आली तेव्हा माझ्याकडे सहा मुलं होती, शनिवारी नवऱ्याची शिफ्ट, मुलाची स्विमिंग. दिवसभराच्या क्लासला वेळ कुठून काढणार? एका प्रशिक्षण संस्थेची जाहिरात दिसली: ‘राज्याच्या नियमांनुसार, पूर्ण ऑनलाईन, लगेच सर्टिफिकेट.’ मला शंका आली, म्हणून मी एका ऑफिसात फोन केला. अशा चौकशीसाठीच ते ऑफिस आहे. नाव घेत नाही, आणि तुम्हीही अंदाज बांधू नका. पलीकडच्या माणसाने दोन मिनिटं थांबायला लावलं आणि म्हणाला, चालेल. मी त्याचं नाव विचारलं नाही, तारीख लिहून ठेवली नाही, ‘हेच मला ईमेलवर पाठवाल का’ एवढं एक वाक्यही बोलले नाही. माझ्या आणि मदतनीस बाईंच्या, दोघींच्या नावाने पैसे भरले. व्हिडिओ पाहिले, प्रश्न सोडवले, शंभरपैकी शंभर. प्रिंट काढून फाईलला लावलं आणि विषय संपला असं धरून चालले.

त्याच सुमारास मी लहान लायसन्सवरून मोठ्यावर, म्हणजे १२ ते १४ मुलांवर, जायचा अर्ज केला होता. वर्षाचा अनुभव झाला होता, अग्निशमनची तपासणीही पार पडली होती. जुळ्या मुलांच्या आईने दोन जागा धरून ठेवायला सांगितलं होतं. लायसन्सिंगच्या बाई आल्या तेव्हा मुलं झोपलेली होती. जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी फाईल चाळली, माझं सर्टिफिकेट उलटून मागची बाजू पाहिली, परत पुढची पाहिली, आणि हळू आवाजात विचारलं, ‘याच्यावर ईएमएसएचा स्टिकर कुठे आहे?’

माझ्याकडे उत्तरच नव्हतं. ईएमएसए म्हणजे राज्याचं आणीबाणीच्या वैद्यकीय सेवांचं खातं. पाळणाघरांसाठीच्या या प्रशिक्षणांना मान्यता तेच देतं आणि मान्य कोर्सच्या सर्टिफिकेटवर त्यांचा स्टिकर असतो. सीपीआर-फर्स्ट एडसाठी रेड क्रॉस किंवा अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्डही चालतं, पण तेही लहान मुलांचं हवं आणि हाताने करून दाखवलेलं हवं. नुसतं मोठ्या माणसांचं सीपीआर उपयोगाचं नाही. माझ्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. रिपोर्टमध्ये कमतरता लिहिली गेली, दुरुस्तीची तारीख मिळाली आणि मोठ्या लायसन्सचा अर्ज तिथेच थांबला.

त्या बाईंबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी त्यांचं काम केलं. राग आहे तो फोनवरच्या माणसाचा आणि त्या संस्थेचा. मी त्या ऑफिसात परत फोन केला तर उत्तर मिळालं, ‘आम्ही फक्त सर्वसाधारण माहिती देतो.’ संस्थेने पैसे परत केले नाहीत, कारण त्यांच्या अटींमध्ये कुठेतरी खाली लिहिलं होतं की मान्यता आहे की नाही हे ग्राहकाने तपासावं. नव्याने आलेल्या, इंग्रजी फॉर्म वाचून दमलेल्या बायकाच अशा जाहिरातींना भुलतात हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. वाढीव लायसन्स हातात येईपर्यंत जवळजवळ तीन महिने गेले. जुळ्यांची आई थांबू शकली नाही, तिची नोकरी सुरू होणार होती. त्या मोसमातल्या दोन पूर्ण जागांची फी गेली. मदतनीस बाईंचे पैसे मीच भरून दिले, कारण त्यांना त्यात ओढलं होतं मी.

पण पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते वेगळंच. मग घाईघाईने मिळालेल्या प्रत्यक्ष क्लासमध्ये तान्ह्या बाळाएवढा पुतळा समोर ठेवला. छाती पुरेशी दाबली गेली की त्यातून ‘टक’ असा आवाज येतो. मी तीस वेळा दाबलं आणि एकदाही आवाज आला नाही. शंभर मार्क मिळवलेली मी, आणि बाळाला लागेल या भीतीने हात वरच्यावर फिरवत होते. शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवून दाबून दाखवलं तेव्हा कळलं किती जोर लागतो. शेजारी मदतनीस बाई पालथ्या पुतळ्याच्या पाठीत थापा मारायला शिकत होत्या, त्या डोकं छातीपेक्षा खाली धरायचंच विसरल्या. याच हातांनी आम्ही दोघी आठवड्याचे पाच दिवस दुसऱ्यांची मुलं सांभाळत होतो. तो दिवस आठवला की अजूनही पोटात गोळा येतो. म्हणून माझं ठाम मत आहे, कुणाला पटो न पटो: सीपीआर ऑनलाईन चालत असतं तरी मी ते तसं केलं नसतं.

तेव्हा तुमच्यासाठी सांगते. आजच लायसन्सिंगला ईमेल करा. कोर्सचं नाव, संस्थेचं नाव, सर्टिफिकेटची प्रत, आणि सरळ प्रश्न: हे मान्य आहे का? उत्तर आलं की छापून फाईलला लावा. फोनवरच्या ‘चालेल’ला काही अर्थ नाही. ईएमएसएच्या साईटवर मान्य प्रशिक्षकांची यादी आहे, पैसे भरण्याआधी त्यात नाव शोधायचं. आरोग्याच्या आठ तासांसाठीही तीच यादी बघा. मदतनीस ठेवणार असाल तर तिलाही त्याच क्लासला न्या. तुम्ही डॉक्टरकडे गेलात आणि घरात मुलं असली तर त्या वेळी तिथे सीपीआर-फर्स्ट एडचं चालू कार्ड असलेलं माणूस असलंच पाहिजे. काउंटीच्या रिसोर्स अँड रेफरल एजन्सीला (पालकांना आणि पाळणाघरांना माहिती-मदत देणारी संस्था) फी परत मिळण्याची काही योजना चालू आहे का तेही विचारा, पण उत्तर लेखीच घ्या.

बालअत्याचाराची तक्रार करण्याबद्दलचं प्रशिक्षण २०१८ पासून बंधनकारक आहे. ते मात्र ऑनलाईनच असतं आणि राज्याचं फुकट आहे. त्याचेही पैसे मागणाऱ्या साईट आहेत, देऊ नका. दर दोन वर्षांनी तेही नव्याने करावं लागतं. मी दोन्हींच्या तारखा फ्रिजवरच्या कालनिर्णयवर मुदतीच्या तीन महिने आधीच्या पानावर लाल पेनाने लिहिते.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. पोस्टमध्ये उन्हाळ्यात सासूबाई-सासरे सहा महिन्यांसाठी येणार असं म्हटलंय. पाळणाघर असलेल्या घरात राहणाऱ्या १८ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला पार्श्वभूमी तपासणीसाठी लाइव्ह स्कॅनवर, म्हणजे ठसे घेणाऱ्या मशीनवर, बोटांचे ठसे द्यावे लागतात. पाहुणा कधीपर्यंत पाहुणा धरतात हे त्यांची तिकिटं काढण्याआधी त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या. वयस्कर माणसांना इथे आल्या आल्या ठशांसाठी रांगेत उभं करणं त्यांना फार लागतं. माझ्या सासऱ्यांना लागलं होतं, आधी सांगितलं असतं तर त्यांनी समजून घेतलं असतं.

तुमच्या सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजूंचा फोटो, स्वतःचं नाव-पत्ता झाकून, मला मेसेजमध्ये पाठवा. माझी जुनी-नवी दोन्ही कार्डं फाईलमध्ये आहेत, शेजारी ठेवून बघते आणि रात्रीपर्यंत कळवते.